कोपरापर्यंत हात

राजापेठेत खोली भाड्यानं मागायला गेलं की घरमालक दारातच आडनाव विचारतात. उत्तर ऐकून घेतात, आणि मग ती खोली 'कालच गेलेली' असते. बी.एस्सी.साठी मी अकोल्याहून अमरावतीला आले तेव्हा एका दुपारी अशा चार खोल्या कालच गेल्या होत्या. पाचव्या घराच्या फाटकाशी एक म्हातारा पायजमा-बनियनवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसला होता. मी आडनाव ओठावर घेऊनच उभी राहिले.

त्यानं विचारलं, "सकाळी कितीक वाजता उठते?"

"पाचला."

"काहून?"

"नळ येतो तेव्हा."

"अकोल्याची काय?" तो हसला. "बाप काय करते?"

"जिनिंगमध्ये. गाठीच्या प्रेसवर."

त्यानं शेंगांची परात बाजूला सरकवली. "मंग तू कापसाच्या घरची. खोली पाह्य अदी. नळ सोडून पाह्य, पंखा लावून पाह्य, पलंगाखाली वाकून पाह्य. मंग बाजूच्या खोलीत एक पोरगी राह्यते, तिले इचार म्हातारा कसा हाय म्हनून. मी इथंच बसतो. ऐकून ये न मंग हो म्हन."

मी नळ सोडला, पंखा लावला, पलंगाखाली वाकले. बाजूच्या मुलीला विचारलं. ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "माणूस चांगला आहे. डोकं खाते."

दोन्ही खरं निघालं. मी त्या घरात सहा वर्षं राहिले.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माय दुसरी शिकलेली, बाबा चौथी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ते मिळवायला आम्हा तिघांनाही राबावं लागलं. पण ही पदवी हातची जायची वेळ एकदा आली होती. शेवटच्या वर्षाला असताना कॉलेज सोडायचं की नाही, हे मला एका आठवड्यात ठरवायचं होतं. त्यात मी काय बरोबर केलं आणि कुठं चुकले, हे या म्हाताऱ्यानं दाखवलं नसतं तर मला आजही कळलं नसतं.

गल्लीत त्यांना सगळे गिरेडर म्हणत. आम्ही भाडेकरू मुली काका म्हणायचो. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी सगळी नोकरी ग्रेडर म्हणून काढली होती. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बदली होईल तिथं. हंगामात केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागायची आणि एका गाडीच्या वाट्याला काकांची दोन मिनिटं यायची. गाडीवर वरचा कापूस सगळेच निवडून ठेवतात. पांढराशुभ्र, फुललेला. ओला, काडीकचऱ्याचा, डागी माल असतो तो खाली. म्हणून ग्रेडरनं हात कोपरापर्यंत आत घालायचा, मधून मूठ काढायची, पुंजका दोन्ही चिमटींत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी पाहायची. मग सरकी दाताखाली फोडायची. कट्ट वाजली तर माल वाळलेला. एवढं केल्यावर तोंड उघडायचं. सुपर, फेअर, नाही तर कवडी. मधल्याही ग्रेडा होत्या म्हणे, पण काकांनी आम्हाला या तीनच शिकवल्या.

नोकरी संपली, हात थांबला नाही. भाजीबाजारात काका मेथीची जुडी वरून उचलत नसत. अख्खा हात ढिगाखाली घालून तळातली ओढत. भाजीवाली ओरडायची, "अवो बुवा, मेथी घेऊन राहिले का विहीर खंदून राहिले?" वरूडच्या संत्र्यांची पेटी आली की ती आधी उलटी करायची. कुणाकडं पेढ्यांचा पुडा पुढं आला तर काकांची दोन बोटं कडेनं आत जाऊन खालच्या थरातला पेढा घेऊन येत. काकू लाजेनं अर्ध्या व्हायच्या.

मोबाइल घ्यायचा ठरला तेव्हा काका विकायच्या दुकानात गेलेच नाहीत. राजापेठेत एक दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं स्टुलावर तीन दुपारी जाऊन बसले. चौथ्या दिवशी दुकानदारानं चहा मागवला आणि हात जोडून विचारलं, "काका, तुमाले दुरुस्त काय करायचं हाय?"

"काहीच नाही. कोनता इथं येत नाही थे पाहून राहिलो."

जो तिथं आला नाही तो घेतला. अजून चालतो.

मात्र हाच माणूस बाकी गोष्टींत डोळे मिटून चालायचा. सदरे दोनच, एक अंगावर आणि एक दोरीवर. सोमवारी पिठलं, बुधवारी वांगं, ठरलेलं. "ज्याचा उद्या विसर पडते त्याच्यावर आज डोकं खर्च करू नये," असं ते म्हणायचे. काकू म्हणायच्या, "चाळीस वर्षं झाले बुधवारी वांगं. मी बुधवारी मेली तर तेरवीले बी वांगंच कराव लागन." त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. एवढ्या वर्षांत नवऱ्यानं त्यांना एकदाही सुपर म्हटलेलं नव्हतं. "फेअरच्या वर माही गाडी गेलीच नाही," म्हणायच्या आणि त्यांच्या ताटात जास्तीची भाकर वाढायच्या.

आणखी एक. उपाशी पोटी काका कशालाच हो किंवा नाही म्हणत नसत. निवडणुकीच्या दिवसांत मत मागायला आलेल्यांना ते म्हणायचे, "जेवून सांगतो." त्यांच्या मुलीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी आधी पसंती सांगा म्हणून धरलं, तर काकांनी पंगत मांडली. "उपाशी मानसाचा होकार बी खोटा, न नकार बी खोटा."

मी एकदा विचारलं, हे खूळ कुठून आलं. तेव्हा ते नेहमीसारखे हसले नाहीत.

"मूर्तिजापूरले होतो. सकायपासून एक घास पोटात नाही. शेवटची गाडी आली. मी हात घातला नाही, वरूनच पाह्यलं, न म्हटलं कवडी. मानसानं कासरा ओढला. बैलं फिरवले न गेला. जेवायले बसलो न घास खाली उतरेना. सकायी उठून त्याले शोधाले निघालो. तीन गावं फिरलो, बापा. पन इचारू काय लोकाइले? त्याचं तोंड मी पाह्यलंच नव्हतं."

"कापूस खरंच कवडी असेल तर?" मी म्हटलं.

"असला तरी माही ग्रेड खोटीच. हात न घालता देल्ली होती."

मला तेव्हा हे पटलं नव्हतं. ग्रेड बरोबर आली म्हणजे बरोबर, असं माझं गणित होतं.

त्या घरात चिठ्ठ्यांचा एक नियम होता, तो त्यातूनच आला असणार. घरातल्या कुणीही, भाडेकरूसुद्धा, काही मोठं ठरवलं की कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं लिहून द्यायचं. काय ठरवलं, का ठरवलं, आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही. ते पान बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे शेतावर वर्षभरासाठी ठेवलेल्या सालदाराचं साल बदलतं, जुना संपतो आणि नवा ठरतो. काकांच्या घरी आखाजीला डबा उघडायचा. आधी आमरस आणि कुरडया, पोटभर. मग काका एकेक चिठ्ठी वाचत. पुढं काय झालं, फायदा झाला की तोटा, हे सांगायला बंदी होती. प्रश्न एकच, त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावर पुन्हा असंच ठरवशील का? मग ग्रेड.

एका मुलीनं लिहिलं होतं, 'सगळ्याजणी हाच क्लास लावतात म्हणून मीही लावला.' तिला क्लास लाभला होता, चांगले मार्क आले होते. काका म्हणाले, "कवडी."

"पण काका, मी पहिली आली!"

"थे तुही मेहनत. चिठ्ठी कवडीच हाय."

माझी पाळी आली ती डिसेंबरात.

मायचा फोन आला. "शेटनं बाबाले बोलावलं होतं. ऑफिसातली पोरगी लग्न करून चालली. कॉम्प्युटर येनारी पाह्यजे म्हन्ते. तुह्यासाठी जागा राखतो म्हटलं त्यायनं, पन सोमवारपासून ये. पगार बाबापेक्षा जास्त हाय, पोरी." मग आवाज खाली आणून, "न बाबाची पाठ पाह्यली काय तू? रोज गरम पान्याची पिशवी घेऊन निजतात."

पदवीला सहा महिने राहिले होते. प्रॅक्टिकलला हजेरी लागायची, त्यामुळे दोन्ही एकदम जमणारं नव्हतं. बाबा फोनवर आले. ते फोनवर कधीच जास्त बोलत नाहीत. म्हणाले, "तू पाह्य तुह्यं." आणि फोन मायकडे दिला.

मी धावत खाली गेले. काका अंगणात पेपर वाचत होते.

"काका, एक विचारायचं आहे."

"जेवली काय?"

"नाही."

"जेवून ये."

जेवून आले. सगळं सांगितलं. ते घे म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "जाऊन पाह्यलं काय?"

"काय पाहायचं त्यात? लहानपणापासून पाहते मी ते जिनिंग. बाबांचा डबा घेऊन जायची."

"थे वरून पाह्यलं. आता एक दिवस ऑफिसात जाऊन बस. जे सोडून चालली तिच्यापाशी बस. तिले इचार. तिच्या अदी कोन होती, थे काहून गेली, थे बी इचार. मंग ये."

गुरुवारी मी अकोल्याला गेले. खरं सांगायचं तर खोट काढायलाच गेले होते. शेठ ओरडत असेल, पगार लांबत असेल, काही तरी असेलच. म्हणजे मला ताठ मानेनं नाही म्हणता आलं असतं. जाणारी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी होती. तिनं शेजारी खुर्ची ओढून दिली आणि दिवसभर सगळं दाखवलं. शेठ आवाज चढवत नाही. पगार एक तारखेला. सहा वाजले की घरी जा म्हणतात, उशीर झाला तर गाडीनं सोडतात. बायकांसाठी वेगळा संडास आहे आणि त्याला आतून कडी आहे. तिच्याआधीची बाई अकरा वर्षं राहिली, नवऱ्याची बदली झाली म्हणून गेली.

हात खालपर्यंत घातला, तर खालपर्यंत कापूस कोरडाच.

निघता निघता मी विचारलं, "ताई, इथं पुढं काय?"

"पुढं म्हंजे?"

"म्हंजे पाच-सात वर्षांनी काय होता येते?"

तिनं विचार केला आणि हसली. "मागच्या साली खुर्ची बदलली न माही. चाकाची देल्ली."

अमरावतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. नोकरी वाईट निघाली असती तर किती सोपं झालं असतं! मूर्तिजापूर येईपर्यंत रडू संपलं आणि डोकं चालू लागलं. माल साफ होता, वाळलेला होता, त्यात खोट नव्हतीच. धागा आखूड होता. मला लांब धागा पाहिजे होता, आणि लांब धाग्यासाठी सहा महिने थांबायची माझी तयारी होती. खोलीचं भाडं सातवीच्या पोरांच्या शिकवण्यांतून निघत होतं, घरी त्यासाठी मागत नव्हते.

शनिवारी मी नाही कळवलं. कॅलेंडरचं नोव्हेंबरचं पान मागून लिहून काढलं. 'अकोल्याची नोकरी घेत नाही. काय माहीत आहे : नोकरी चांगली आहे, जाऊन पाहिलं. पुढं वाट नाही, विचारलं. सहा महिन्यांचा खर्च मी काढते. बाबांची ना नाही. काय माहीत नाही : पदवीनंतर नोकरी लागेल की नाही.' घडी घातली आणि डब्यात टाकली. इतकी चांगली चिठ्ठी त्या डब्यात दुसरी नसणार, अशी माझी खात्री होती. सुपर माझीच. काकूंना चाळीस वर्षांत जे मिळालं नाही, ते मला चार महिन्यांत मिळणार होतं.

आखाजी आली. आमरस झाला. काकांनी चष्मा लावला आणि माझी चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. मान डोलवली. "चांगला हात घातला पोरीनं," म्हणाले. मी बाजूच्या मुलीकडे पाहिलं सुद्धा. तेवढ्यात त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"बाबांची ना नाही. हे तुले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. मला माहीत आहे. बाबा फोनवर म्हणाले, तू पाह्य तुह्यं."

"थे त्यायनं म्हटलं. तू काय इचारलं होतं?"

मी काहीच विचारलं नव्हतं.

"परक्याच्या ऑफिसात दिवसभर बसली. परक्या पोरीले चार-चार गोठी इचारल्या. न बापाची गाडी वरून पाह्यली?" त्यांनी चिठ्ठी घडी करून माझ्या हातात दिली. "फेअर."

मला राग आला. खूप आला. मी म्हटलं, "बाबांनी मला कधीच अडवलं नाही काका. तुम्हाला माझे बाबा माहीत नाहीत."

"मले नाहीच माहीत. तुले हायत काय?"

रात्रभर मी काकांशी मनात भांडले आणि सकाळी पहिल्या बसनं अकोल्याला गेले. बाबांना बरोबर विचारून काकांच्या तोंडावर उत्तर आणून टाकायचं, म्हणूनच गेले.

अकोल्याचा उन्हाळा. हंगाम संपत आला होता, प्रेस अर्धा दिवस चालायची. बाबा घराच्या सावलीत ओला दुपट्टा डोक्यावर टाकून बसले होते. मी समोर बसले.

"बाबा, मी नोकरीले नाही म्हटलं, तवा तुमाले काय वाटलं होतं?"

"आता काय त्याचं?"

"सांगा न."

त्यांनी दुपट्टा काढला, पिळला, पुन्हा डोक्यावर टाकला. "वाटलं होतं तू येशीन. पाठ लय दुखून राहिली होती तवा. म्हटलं पोरगी ऑफिसात बसन, तर मी बी प्रेस सोडून गेटवर बसीन. शेट देत होते गेटचं काम. पगार कमी हाय त्याचा."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू इचारलं काहून नाही?"

आत माय भांडी घासत होती, तो आवाज थांबला.

"इचारलं असतं तर काय म्हटलं असतं?"

"शिकच म्हटलं असतं. दुसरं काय म्हनाव?" बाबा माझ्याकडे न पाहता बोलत होते. "पन मी म्हटलं असतं. तू माह्या वाटचं बी तूच म्हनून टाकलं."

हातचा पगार सोडला तो मी, असं मला तोवर वाटत होतं. उलट होतं. सोडलं त्यांनी होतं, गेटची खुर्ची, आणि मी ते त्यांना देऊ सुद्धा दिलं नव्हतं. न विचारता घेऊन टाकलं होतं.

परत आल्यावर काकांना सगळं सांगितलं. ते जिंकल्यासारखे दिसले नाहीत. म्हणाले, "मी तीन गावं फिरलो न मानूस भेटला नाही. तुले तुहा भेटला. नशीबवान हायस."

मी पास झाले, पहिल्या वर्गात. आणि त्यानंतर तीन वर्षं मला नोकरी लागली नाही. हे मी लपवत नाही. परीक्षा दिल्या, याद्या पाहिल्या, दोनदा अगदी थोडक्यात नाव हुकलं. सकाळ-संध्याकाळ राजापेठेतल्या एका क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवलं. त्या अकोल्याच्या खुर्चीवर आमच्याच वस्तीतली एक मुलगी बसली, तिनं स्कूटी घेतली. माझी मावशी लग्नाकार्यात सगळ्यांदेखत म्हणायची, "बीएस्सी झाली न पोट्टे हाकून राहिली." माय मान खाली घालायची. मी घालत नव्हते. निर्णय चुकला का, असं विचारलं तर मी एकच सांगायची : त्या दिवशी जेवढं माहीत होतं तेवढ्यावर आजही तेच ठरवीन. फक्त बाबांना विचारून ठरवीन. पाठ तेव्हाही दुखत होतीच त्यांची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी अकोल्याला जायची आणि विचारायची, पाठ कशी आहे, काय वाटते, पुढं काय करायचं. पहिले पाच-सहा महिने ते म्हणाले, "बरं हाय." मग हळूहळू बोलायला लागले.

चौथ्या वर्षी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत माझं काम लागलं, अमरावतीतच. कामाच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं, वावरातला नमुना घेताना वरची माती खरडून फेकायची, खड्डा करून आतली घ्यायची. मला हसू आलं. साहेबांना वाटलं मी त्यांना हसले.

पेढे घेऊन काकांकडे गेले. "काका, आता तरी सुपर म्हणा. निर्णय बरोबर निघाला."

त्यांची बोटं पुड्याच्या कडेनं आत गेली आणि खालचा पेढा घेऊन आली. "नोकरी लागली त्याचा न त्या चिठ्ठीचा काय संबंध? तीन वर्षं नव्हती लागली तवा मी तिले कवडी केलं काय?" पेढा तोंडात टाकला. "चिठ्ठी फेअर हाय. पेढा चांगला हाय."

त्याच महिन्यात मी दोन खोल्यांचं घर पाहिलं, तळमजल्यावरचं, बाबांना पायऱ्या चढायला नकोत म्हणून. प्रेस सोडायची, इकडं यायचं, सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. पान घेऊन लिहायलाही बसले. 'बाबांनी काम सोडावं.' का, ते लिहिलं. माहीत आहे, यात दोन ओळी लिहिल्या. तिसरी लिहिणार तेवढ्यात पेन थांबलं. ती ओळ कोणती होती, हे तुम्हाला सांगायला नको.

मी पान तसंच ठेवलं आणि अकोल्याला गेले.

"बाबा, काम सोडून अमरावतीले येता काय? मले वाटते या. तुमाले काय वाटते?"

"नाही येत," ते म्हणाले. "एक हंगाम आजून करतो."

"पाठ?"

"पाठ माही हाय."

मी वाद घातला नाही. जिभेवर आलेलं सगळं गिळलं, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. मी बोलकी आहे, पगारदार आहे, घरात माझं आता चालतं. चालवू शकले असते. नवीन पान घेतलं. 'बाबांनी यावं असं मला वाटत होतं. त्यांना विचारलं. ते नाही म्हणाले. एक हंगाम थांबते. काय माहीत नाही : त्यांची पाठ हंगाम काढेल की नाही.' डब्यात टाकलं. तो हंगाम माझा कसा गेला हे मलाच माहीत. रोज संध्याकाळी फोन करायची आणि आवाजावरून पाठ ओळखायची.

यंदाच्या आखाजीला मी आईबाबांना घेऊन काकांकडे गेले. काका आता थकलेत. साखरेनं बोटांची जाण गेली आहे, चिमटीतला धागा कळत नाही म्हणतात. चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे आलं आहे. काकूंचा रस व्हायचा होता, म्हणून नियम मोडून एकच चिठ्ठी आधी वाचा म्हणून मुलींनी गिल्ला केला. "वाचाले हरकत नाही," काका म्हणाले, "ठरवाचं काही नाही. न मी त साखरेच्या गोळीपायी पयलेच जेवलो." हाताला लागली ती माझीच.

मी वाचली. काका डोळे मिटून ऐकत होते. बाबा अंग चोरून भिंतीला टेकून बसले होते.

"सुपर," काका म्हणाले.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "काय म्हटलं?"

"सुपर म्हटलं."

काकू हातात रवी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मला हसावं की पाया पडावं कळेना.

बाबांनी हळूच विचारलं, "म्हंजे मी पास झालो काय?"

"तुमी नाही, तुमची पोरगी," काका म्हणाले. "तिच्या मनासारखं झालं नाही, तरी तिनं बरोबर ठरवलं."

बाबा भिंत सोडून पुढं सरकले. मग म्हणाले, "मले बी एक कागद द्या. लिव वं पोरी तू. मले तेवढं जलदी येत नाही." मी पान आणि पेन घेतलं. ते म्हणाले, "लिव. पुढच्या हंगामाले प्रेसवर जात नाही."

मी लिहिलं. आणि त्याच झोकात पुढं लिहायला लागले, 'पाठ दुखते म्हणून'.

काकांनी जमिनीवर बोटं आपटली. "थांब. काहून, थे त्याइले इचार."

मी तीन शब्द खोडले आणि पेन वर धरलं. "बाबा, काहून?"

बाबांनी आत पाहिलं, कुरडया तळल्याचा वास येत होता. मग काकांकडे पाहिलं, आणि दुपट्टा नीट करत म्हणाले, "सांगतो. पन पयले जेवू तर द्या मले."

काकांनी डोळे उघडले. इतके मोठ्यानं हसले की खोकला लागला, आणि खोकतखोकतच त्यांनी आत हाक दिली, "अवो, पयलं ताट याइचं वाढ!"